शिवसुमन भलत्याच कड्यावर सापडलं. जागा जाहीर करावी का?

कडेकपारी
गेल्या भाद्रपदात आमच्या गावामागच्या कड्यावर शिवसुमन सापडलं. शिंदळ माकुडी म्हणतात तीच कड्याकपारीतली दुर्मिळ, मांसल फांद्यांची वनस्पती. पुस्तकांत शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, महाबळेश्वर अशी मोजकीच नावं येतात, आमचा तालुका त्यात कुठेच नाही. दोरावर उतरलो होतो. कातळाच्या भेगेतून मांसल फांद्या खाली लोंबत होत्या, पावसाळी पानं अजून टिकून होती, आणि एका फांदीवर चांदणीसारखं गडद तांबडं फूल, पाकळ्यांवर पिवळे ठिपके. फुलावर एक बारीक माशी बसली होती. मी तिथे किती वेळ लटकून होतो ते खालून मित्राने हाक मारल्यावर कळलं. मोजले तर १४ झुबके भरले. मला वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईंनी फोटो पाहून ओळख पक्की केली.

माझं मत ठाम आहे: जागा सांगू नये. याची फांदी तोडून लावली तरी जगते, म्हणून हौशी लोकांना ते कुंडीत हवं असतं. दक्षिण आफ्रिकेत अशाच मांसल वनस्पती चोरट्यांनी डोंगरांवरून पोतीच्या पोती उपटून नेल्या. १४ झुबक्यांना एक पिशवी पुरते.

पानोपानी
अभिनंदन! पण मी पूर्ण असहमत आहे. जागा नाही, नमुना नाही, म्हणजे नोंदच नाही. उद्या त्याच डोंगराला खाण लागली, कड्याखालून रस्ता निघाला, तर हरकत कशाच्या जोरावर घेणार? तुमच्या मोबाइलमधल्या फोटोच्या? पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संस्था, दोन्हीकडे वाळवलेल्या नमुन्यांचे वनस्पतिसंग्रह आहेत. तिथे ठिकाण आणि तारखेसह एक नमुना लागला की पन्नास वर्षांनीही कुणी उघडून पाहू शकतो. अख्खं झुडूप उपटायची गरज नाही. फुलासकट एक फांदी पुरे. फूल मात्र स्पिरिटमध्ये ठेवा. आणि फांदी नुसती कागदात दाबली तर आठवडे जिवंत राहते, आधी उकळत्या पाण्यातून काढावी लागते.

जुनी वही
दोघंही एक पायरी गाळताय. ते तिथे आपोआप आलंय की कुणी लावलंय? कलमांवर सहज वाढतं म्हणून रोपवाटिकांतून त्याची रोपं झाली, आणि प्रेमापोटी कड्यांवर नेऊन लावणारे लोकही आहेत. लावलेल्या झाडावरून 'आढळक्षेत्र वाढलं' असं छापून आलं तर ती चूक पुढचे सगळे उतरवून घेतात. वर देऊळ, पायऱ्या, जुनी वाट आहे का? शेंगा धरतात का? बियांतून उगवलेली लहान रोपं दिसली का?

कडेकपारी
@जुनी वही, शंका रास्त आहे. वर वाट नाही, देऊळ नाही. शेंगांची एक जोडी दिसली, आणि दोन भेगांत करंगळीएवढी रोपं होती. बियांना रुईच्या उडत्या म्हातारीसारखे केस असतात, वाऱ्याबरोबर पलीकडच्या कुठल्या तरी कड्यावरून आल्या असाव्यात. तो कडा आपण कुणी पाहिलाच नसेल.

माळावरची
मी याच पट्ट्यातली. आमच्या सासऱ्यांना हे झाड ठाऊक आहे. शेरडं तिथवर पोचत नाहीत म्हणून ते राहिलंय, असं ते सांगतात. भाऊ, तुम्ही जागा नक्की कुणापासून लपवताय? चोराला कळेल तेव्हा कळेल, पण गावाला कळलंच नाही तर राखणार कोण? वणवा वर चढतो तेव्हा फांद्या घेऊन आम्हीच धावतो. तुम्ही 'सापडलं' म्हणता त्याचं वाईट वाटत नाही, पण आधी ग्रामसभेत येऊन सांगायला हवं होतं. गावाची जैवविविधता समिती आहे, गावातल्या झाडा-प्राण्यांची तिची लोकनोंदवही आहे. त्यात पहिली ओळ तुमची येऊ द्या.

सातारी
ताई, तुमचं बरोबर आहे, तरी माझा कौल लपवण्याला. कासचं पाहा. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं आणि गर्दी इतकी लोटली की दिवसाला ३ हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. तिथे निदान सपाट पठार आहे. कड्यावरच्या १४ झुबक्यांना फोटोवाल्यांचे दोरसुद्धा सोसणार नाहीत.

पानोपानी
मी 'समाजमाध्यमावर टाका' असं कुठे म्हटलं? नेमकी जागा संग्रहातल्या नमुन्यावर आणि गावाच्या वहीत, बाकी सगळीकडे फक्त तालुका. निसर्गनिरीक्षणं नोंदवायचं आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळसुद्धा संकटग्रस्त प्रजातींची जागा नकाशावर वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतं.

सातारी
आणि संग्रहातली चिठ्ठी उद्या शोधनिबंधात जशीच्या तशी छापली गेली तर? तसं होताना पाहिलंय. मला पटलेलं नाही.

कडेकपारी
@माळावरची, चूक माझी. आमच्याच शिवारात तो कडा, आणि मला गावाला विचारायचं सुचलं नाही. येत्या ग्रामसभेत फोटो घेऊन येतो. सासऱ्यांना विचाराल का, त्यांनी ते पहिल्यांदा कधी पाहिलं? लावलेलं की रानातलं, या प्रश्नाला माझ्या फोटोंपेक्षा त्यांची आठवण जास्त उपयोगी पडेल.

नमुन्याचं मात्र शेंगा उकलून बी उडून जाईपर्यंत थांबतो. @पानोपानी, तोवर मी फांदी तोडणार नाही.

माळावरची
विचारलं. ते म्हणतात, त्यांच्या लग्नाआधीपासून आहे. आणि ओढ्याच्या वरच्या अंगालाही आहे, तिकडे तुम्ही गेला नाहीत.