चीनमधला धर्म प्रत्यक्ष बघायचा तर कुठे जावं? सल्ला हवाय

भटका_मिरजकर: मंडळी, ऑक्टोबरमध्ये कामासाठी शांघायला जायचंय, पुढे आठवडाभर सुट्टी टाकतोय. टॉवर-मॉल नकोत. सगळे म्हणतात तिथे देवबिव कोणी मानतच नाही, खरंय का? शिआन आणि कन्फ्यूशियसचं गाव छ्यूफू डोक्यात आहे, अजून काय बघू?

रेवा_त: शिआन ठेवाच! ह्युएन त्संग 645 मध्ये भारतातून 657 ग्रंथ घेऊन परतला, ते ठेवायला 652 मध्ये पॅगोडा बांधला, पुढे तो पुन्हा उभारला, आणि अजून उभा आहे. पुलकेशीच्या काळात तो आपल्याकडेही येऊन गेला, इथली माणसं उपकाराला जागतात पण अपमान सहन करत नाहीत असं त्याने लिहून ठेवलंय. तिथली मोठी मशीदही बघा, घुमट नाही, छपरं-अंगणं सगळी चिनी देवळासारखी.

दर्यावर्दी: एकच ठिकाण निवडायचं तर मी आग्नेय किनाऱ्यावरचं छुआनचौ म्हणेन. श्यामेनहून बुलेट ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. सोंग-युआन राजवटींच्या काळातलं (दहावं ते चौदावं शतक) जबरदस्त बंदर, तमिळ व्यापारी, अरब सगळे तिथे राहायचे. काइयुआन हे बौद्ध देऊळ, पण मुख्य मंदिराच्या मागे जा, दोन दगडी खांबांवर नरसिंह आणि कृष्ण कोरलेत, तिथलं हिंदू देऊळ पडल्यावर त्याचे खांब इथे आणून बसवले. गावात 1009 सालची मशीद आहे आणि तिच्या शेजारीच ग्वान यूचं, म्हणजे देव मानल्या गेलेल्या जुन्या सेनापतीचं, देऊळ, तिथे मात्र घाई करू नका. उदबत्त्यांचा नुसता धूर, लोक चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरून देवाला मनातलं सांगतात आणि खाली टाकतात, एक उताणा एक पालथा पडला की देव हो म्हणाला, आपल्या कोकणात कौल लावतात ना अगदी तसं. आणि यातल्याच कोणाला धर्म विचारलात तर बरेच जण सरळ "कुठलाच नाही" म्हणतील, कारण सरकार मानतं ते पाच धर्म, बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट, आणि ग्वान यूला नवस बोलणारा माणूस त्यात धड कुठेच बसत नाही. म्हणून नुसते सर्व्हेचे आकडे बघून चीन नास्तिक आहे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

जुनी_पोथी: +1, पण धर्मावरचा सत्तेचा हात विसरू नका, आणि तो कम्युनिस्टांपासून सुरू झालेला नाही. 845 मध्ये तांग सम्राट वूत्सुंगने 4,600 विहार मोडले, अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं. विहारांना कर माफ, जमिनी त्यांच्याकडे, मूर्तींत तांबं अडकलेलं, तिजोरीला ते हवं होतं. छ्यूफू यासाठीच बघा. ज्या कन्फ्यूशियसची बादशहांनी पूजा केली त्याच्या घराण्याच्या कबरी 1966 मध्ये रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांनी, उकरल्या, आणि आज सरकारच त्याचा उत्सव करतं.

भटका_मिरजकर: मग छ्यूफू, शिआन, छुआनचौ असं करतो. तिन्ही होईल ना?

दर्यावर्दी: धावपळ होईल. शिआनहून श्यामेनला विमानाने जा. आणि 1 ते 7 ऑक्टोबर टाळा, राष्ट्रीय सुट्टी असते, तिकिटं मिळत नाहीत.