मदत हवी आहे: दापोलीच्या हवेत कंटेनरचं घर टिकेल का? आईला राहायचं आहे

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर आमची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराची कौलं गेली आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत मागची मातीची भिंत बसली. तेव्हापासून आई (वय ७६) पुण्यात आमच्याकडे आहे, पण जीव सगळा वाडीत अडकलेला. "एक खोली आणि पडवी करून दे, बाकी काही मागत नाही," एवढंच म्हणते. चिऱ्याचं घर बांधायला गवंडी मिळेना, मिळाला तर काम पावसाआधी पुरं होईना. त्यात एकाने सुचवलं, की वापरलेला कंटेनर घे, आतून नीट करून घे, महिन्याभरात घर उभं राहील. उरण-पनवेल भागात असे कंटेनर बंदरामुळे सहज मिळतात.

मला कंटेनरमध्ये राहण्याचा अनुभव आहे, पण तो अकोल्याजवळचा. रस्त्याच्या कामावर दोन वर्षं वीस फुटी कंटेनरमध्येच आमचं ऑफिस आणि झोपणं होतं. मे महिन्यात दुपारी साडेतीनला पश्चिमेकडच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती, टेबलावरची पाण्याची बाटली चहाइतकी गरम व्हायची. पण रात्री दहानंतर तोच पत्रा गार पडायचा, दार उघडं टाकलं की झोप लागायची. मग आम्ही वर चार बांबू उभे करून हिरवी जाळी ताणली, छपराला पांढरा रंग दिला, खिडकीत वाळ्याचा कूलर बसवला आणि दुसरा उन्हाळा सुसह्य गेला. दोन वर्षांत गंज असा कुठे दिसला नाही.

दापोलीत हे सगळं उलटं होणार अशी भीती आहे. आमच्या शेजाऱ्यांनी आंब्याच्या पेट्या ठेवायला असाच कंटेनर आणून चार पावसाळे झाले. परवा जाऊन नीट पाहिला. भिंती बऱ्या आहेत, पण खालची चौकट जिथे जमिनीला टेकते तिथे लोखंडाचे पापुद्रे सुटतायत, नखाने ओढला तर बोटाएवढा तुकडा हातात येतो. आणि आत शिरल्यावर ओल्या गोणपाटाचा वास.

माझे प्रश्न :
१) कंटेनरचं पोलाद (कॉर्टेन) गंजत नाही म्हणतात, मग हे काय?
२) फॅब्रिकेटर आतून ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर, उष्णता अडवायला) भरून प्लाय मारतो म्हणतोय. कोकणात हे चालेल का?
३) वादळाचं काय?

कृपया प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावं. निर्णय आईच्या राहण्याचा आहे, घाई करायची नाही.

*

प्रतिसाद – खाडीकाठ

दादा, माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, रत्नागिरी भागात असे सात-आठ केलेत. क्रमाने सांगतो.

कॉर्टेनवर गंजाचा पहिला घट्ट थर बसला की तोच पुढचा गंज अडवतो, हे खरं. पण तो थर बसायला पोलाद ओलं होऊन पुन्हा कोरडं व्हावं लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते सुकतच नाही, वरून खारा वारा. मीठ बसलं की तो थर धरत नाही, सुटत राहतो. त्यामुळे कॉर्टेन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ब्लास्टिंग करून (वाळूचा जोरदार मारा करून गंज काढून) ईपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेनचा रंग, आणि दर दोन वर्षांनी खालून वाकून पाहणं. शेजाऱ्यांची चूक एकच, कंटेनर थेट जमिनीवर ठेवला. चिऱ्याचं जोतं करा, दोन फूट उंच, खालून वारा आरपार जायला हवा. भार चार कोपऱ्यांवर असतो, तिथे काँक्रीटचे पेडस्टल (बुटके खांब) घाला.

ग्लासवूल अजिबात नको. खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांच्या पत्र्यावरसुद्धा दव धरतं. जुलैत पावसाने पत्रा त्याहून गार होतो, आत आई भात शिजवते, कपडे दोरीवर वाळत असतात. ती वाफ ग्लासवूलमधून आरपार जाऊन पत्र्याला लागते आणि तिथे पाणी होतं. ग्लासवूल ते पाणी धरून ठेवतं. बाहेरून घर छान दिसतं आणि आतून दोन मिलिमीटरचा पत्रा कुजत जातो, कळतच नाही. फवाऱ्याचा पफ (पॉलियुरेथेनचा फेस, जो घट्ट होतो) मारा, तो पत्र्याला चिकटतो, मध्ये हवा राहत नाही.

मात्र रुंदी मोजून घ्या. बाहेरून ८ फूट, आतून साधारण ७ फूट ८ इंच. दोन्हीकडे दोन-दोन इंच पफ आणि बोर्ड आला की जेमतेम सव्वासात फूट उरतात. साध्या कंटेनरची आतली उंची ७ फूट १० इंच, त्यात छताचा पफ गेला की पंखा डोक्याला लागेल. साडेनऊ फूट उंचीचा हायक्यूब (जास्त उंच कंटेनर) घ्या. तो लांबीला बहुतेक चाळीस फुटीच मिळतो, तेव्हा अर्धा कापून घ्यावा लागेल. ट्रेलर आणि हायड्रा (क्रेन) वाडीपर्यंत येतात का, हे सगळ्यात आधी बघा. माझं एक काम नुसत्या वळणापायी रद्द झालं.

*

प्रतिसाद – वऱ्हाडातला

अकोल्याचा अनुभव बरोबर लिहिलाय. आमच्याकडे ऊन हाच शत्रू, हवा कोरडी म्हणून कूलर चालतो आणि लोखंड टिकतं. धाब्याच्या घराची जाड माती दुपारचं ऊन गिळून रात्री सोडते, पत्र्यात ती धमकच नाही, म्हणून सावलीचं दुसरं छप्पर लागतंच. कोकणात कूलर विसरा, दमट हवेत तो फक्त ओल वाढवतो.

*

मूळ लेखक

खाडीकाठ, वऱ्हाडातला, दोघांचेही मनापासून आभार. काल टेप घेऊन पाखाडीचं वळण मोजून आलो. चाळीस फुटी ट्रेलर वळणार नाही, कापून आणलेला वीस फुटी येईल.

तुमच्या बोलण्यावरून मनात एक आराखडा धरलाय : कंटेनरच्या वर, त्याला न टेकता, स्वतःच्या खांबांवर उभं उतरतं छप्पर, चारही बाजूंनी चार-चार फूट पुढे काढलेलं. म्हणजे पागोळ्या भिंतीवर पडणार नाहीत, ऊन थेट पत्र्यावर येणार नाही, आणि दक्षिणेकडे ते आठ फूट वाढवलं की आईची पडवी तिथेच होईल. भीती आता त्या छपराचीच आहे. निसर्गमध्ये गावात कितीतरी घरांचे पत्रे उडाले, आमच्या शेजारच्या गोठ्याचे तर शेतात सापडले. चार फुटांचा पुढे आलेला पत्रा वारा खालून उचलेल ना? खाडीकाठ, तुम्ही हे खांब जोत्याला कसे बांधता? जे-बोल्ट (काँक्रीटमध्ये पुरलेले वाकडे बोल्ट) पुरतात का, की खाली स्वतंत्र फुटिंग (खांबाचा पाया) घ्यायला हवं? आणि पत्र्याऐवजी कौलं घातली तर वजनाने छप्पर जागेवर राहील, की वादळात तीच आधी सुटतील?

आईला कौलंच हवी आहेत.