सां मालोला जाताय तर एक दुपार कांकालला द्या

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या सां मालोत दोन दिवस काय खायचं या प्रश्नावर सगळ्यांनी तिथलीच हॉटेलं सांगितलीत, पण मी म्हणेन एक अख्खी दुपार शेजारच्या कांकाल या कालवांच्या गावाला द्या हो, जेमतेम 15 किमी आहे. बंदराच्या टोकाला दीपगृहापाशी कालवांचे ठेले असतात, डझनावर घ्यायची, तिथेच फोडून देतात, वर लिंबू पिळायचं आणि पायऱ्यांवर बसून खाऊन शिंपले खाली किनाऱ्यावर भिरकावायचे, सगळेच तसं करतात, खाली पांढरा सडा पडलेला असतो. फक्त एक गोम आहे, नंबर जितका लहान तितकं कालव मोठं, मी हौसेने 1 नंबर घेतलं नि ते काही घशाखाली जाईना 😀 पहिल्यांदा खाणाऱ्यांनी सरळ 4 नंबर घ्या.

बायकोने तोंडही लावलं नाही, तिला कालवं म्हणजे कांदा-खोबरं नि आमसूल घातलेलीच लागतात. तिने मग कुट्टूच्या पिठाचं गॅलेट खाल्लं, आत अंडं, चीज, कडा कुरकुरीत, घावनाचं भावंडच म्हणा ना, सोबत वाडग्यातून सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. आणि हो, ओहोटीची वेळ बघून जा, पाणी लांब आत गेलं की कालवांची शेती उघडी पडते.