अनुभव धागा: मुंबईच्या आसपास राहायला जागा शोधताना काय बघितलंत आणि काय बघायचं राहून गेलं?

२०१७ साली नवऱ्याची बदली साताऱ्याहून विक्रोळीला झाली. मुंबईत जवळचं कोणी नव्हतं. एका रविवारी बदलापूरला जागा बघितली. गॅलरीतून चंदेरीचा डोंगर दिसत होता, छान वारा सुटला होता, भाडंही परवडणारं. तिथल्या तिथे टोकन देऊन मोकळे झालो.

खरी परीक्षा सोमवारी सुरू झाली. विक्रोळीला फास्ट लोकल थांबत नाही, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी स्लोच थांबते. म्हणजे बदलापूरहून फास्ट पकडायची, ठाण्याला उतरायचं, पूल चढून स्लोच्या गर्दीत पुन्हा शिरायचं. घरापासून ऑफिसपर्यंत पावणेदोन तास, तेही गाडी वेळेवर असली तर. मुलगी उठायच्या आत तिचे बाबा घराबाहेर आणि ती झोपल्यावर घरात. एकदा तिने मला विचारलं, "बाबा साताऱ्यालाच राहिले का गं?" त्या दिवशी मी ठरवलं की अकरा महिन्यांच्या पुढे इथे राहायचं नाही.

करार संपल्यावर डोंबिवलीला आलो. डोंबिवलीहून सुटणारी स्लो थेट विक्रोळीला नेते. भाडं तीन हजारांनी वाढलं, घर एका खोलीने कमी झालं, पण रात्रीचं जेवण तिघांचं एकत्र व्हायला लागलं. बदलापूर वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. ज्याचं ऑफिस फास्टच्या स्टेशनवर आहे, त्याचं गणित वेगळं असेल. आमचं चुकलं ते इतकंच की जागा रविवारी दुपारी बघितली आणि राहायचं होतं सोमवार ते शनिवार.

आता धाकट्या दिराला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नोकरी लागली आहे. जाऊबाई आणि दोन वर्षांचा पुतण्याही सोबत येणार. ब्रोकर सांगत नाही आणि राहायला गेल्यावरच कळतं, असं तुमच्या भागाबद्दल काय आहे ते लिहा. चांगलं असेल तेही आवर्जून लिहा.

बदलापूर पश्चिम, २०१६ पासून

ताई, मी तुमच्याच सोडलेल्या गावात आहे आणि आनंदाने आहे. हवा, डोंगर, सकाळी घरात येणारे पक्ष्यांचे आवाज, हे सगळं खरं आहे. पण नदीबद्दल लिहिलंच पाहिजे.

आम्ही तळमजला घेतला होता, कारण आईचे गुडघे. २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदी चढली. पहाटे पाण्याने उंबरा ओलांडला. आईला खुर्चीवर बसवून दोघा शेजाऱ्यांनी वर नेलं. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. आम्ही त्याच पाण्यात होतो.

पाणी ओसरल्यावर शेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांनी जिन्याजवळची भिंत दाखवली. ऑइलपेंटच्या खाली तपकिरी रेघ होती, माझ्या छातीइतकी. "ही २००५ ची," ते म्हणाले. तीन वर्षं मी रोज त्या भिंतीवरून जात होतो. जागा घेताना कुणाला विचारलं असतं तर त्यांनी तेव्हाच दाखवली असती.

पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपालिकेत नकाशा बघायला मिळतो. तो बघाच, पण आधी त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा की २००५ ला तुमचा माल कुठल्या फळीपर्यंत भिजला होता. आम्ही आता त्याच भागात दुसऱ्या मजल्यावर आहोत, जरा चढावर.

वसई पश्चिम

एकच प्रश्न विचारा: तुमच्याकडे तूरडाळ शिजते का?

मी हसत हसत लिहीत नाहीये. आधी आम्ही भाड्याने राहत होतो त्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळून यायचं. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणक. साबणाला फेस नाही, स्टीलच्या बादलीच्या काठावर पांढरा थर, तो खरवडला तर नखात अडकायचा. लेकीचे केस हातात यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा पाण्याचंच विचारलं. त्यात मे महिन्यात टँकरचा खर्च मेंटेनन्सच्या वर वेगळा, आणि घरमालकाने तो आम्हाला आधी सांगितला नव्हता.

आता जिथे आहोत तिथे पालिकेचं पाणी दिवसाआड येतं, पण गोडं येतं. जागा बघायला गेलात की स्वयंपाकघरातला नळ सोडून हात धुवा, आणि त्याच मजल्यावरच्या काकूंना विचारा. सेक्रेटरी "पाण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही" असंच म्हणणार.

बाकी वसईची भाजी, ताजी मासळी, किल्ल्याकडची संध्याकाळ, याला तोड नाही.

ठाणे, घोडबंदर रोडवरून नौपाड्यात

आमच्याकडे कारण शाळेचं होतं. मुलाला मराठी माध्यमातच घालायचं हे लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. घोडबंदर रोडला मोठं घर घेतलं, खाली पोहण्याचा तलाव, बाग, सगळं. मनासारखी मराठी शाळा मात्र मिळाली ती जुन्या ठाण्यात. पहिलीतलं पोर सकाळी सहाला उठून एक तास बसमध्ये, त्यात मेट्रोच्या कामामुळे रस्ता कायम खोदलेला. दुपारी घरी यायचं ते दप्तर पाठीवर तसंच ठेवून सोफ्यावर झोपायचं.

वर्षभरात ते घर भाड्याने दिलं आणि स्वतः नौपाड्यात वन रूम किचनमध्ये आलो. लिफ्ट नाही, पार्किंग नाही. आता मुलगा मित्रांबरोबर चालत शाळेत जातो. आधी शाळा ठरवा, मग घर. उलटं केलं की त्याची किंमत पोरं भरतात.

खारघर

रस्ते रुंद, पदपथ चालण्यासारखे, सेंट्रल पार्क मोठं. वडिलांना दम्याचा त्रास, म्हणून मोकळ्या हवेसाठी इथेच यायचं ठरवलं. सिडकोने वसवलेलं असल्यामुळे मोकळी जागा आहे, हे खरंच.

पण खारघर हे एक गाव समजू नका. सेक्टर किती आकड्याचा, यावर सगळं बदलतं. आम्ही आधी तळोज्याच्या बाजूला भाड्याने राहिलो. दिवसा काही जाणवायचं नाही. पहाटे तीन-चारच्या सुमाराला पलीकडच्या कारखान्यांचा उग्र वास खिडकीतून यायचा आणि वडील खोकत उठून बसायचे. जागा बघायला पहाटे तीनला कोण जातं? म्हणून माझा आग्रह, विकत घेण्याआधी त्याच भागात निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा भाड्याने काढा. आम्ही तसं केलं म्हणून वाचलो, आता स्टेशनच्या जवळच्या सेक्टरमध्ये आहोत. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून लांबच्या सेक्टरवाल्यांची रिक्षाची ओढाताण बरीच कमी झाली आहे.

कल्याणजवळ, मामांचा अनुभव

मामांनी निवृत्तीचे पैसे घातले. बिल्डिंग नवी, रंग चकचकीत, गणपतीची मूर्ती लॉबीत. ओसी, म्हणजे पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, नाही. "सहा महिन्यांत येतेय" असं सांगितलं होतं, त्याला आता नऊ वर्षं झाली. जागा विकायची म्हटलं तर घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही. मामी प्रत्येक नोटिशीला घाबरते.

महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून ती नोंदणी मिळवल्याचं २०२२ मध्ये बाहेर आलं. परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती त्यांच्या नोंदीशी ताडून बघा. एक दिवसाची रजा पडेल, पडू दे.

कळवा, शिफ्ट ड्युटी

मी परळला नर्स आहे. दुपारची शिफ्ट संपवून घरी पोहोचायला साडेअकरा होतात. परळहून स्लो थेट कळव्याला येते, म्हणून कळवा.

जागा शोधताना मी तीन रात्री मुद्दाम उशिरा उतरून वेगवेगळ्या गल्ल्यांतून चालले. एका गल्लीत घर फार छान होतं, पण दिवे दोन, आणि दोन्ही बंद. दुसरीत साडेअकराला मेडिकल उघडं होतं, पोळीभाजी केंद्राच्या मावशी पातेली घासत होत्या, कट्ट्यावर दोन आजोबा गप्पा मारत होते. मावशींनी विचारलं, "कुणाकडे आलीस गं?" मी म्हटलं, घर बघतेय. त्यांनीच पुढच्या बिल्डिंगमधली रिकामी खोली सांगितली. ब्रोकरेज वाचलं. सहा वर्षं झाली. मला उशीर झाला की त्या शटर अर्धं खाली ओढून थांबतात.

पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. दीर आणि जाऊबाईंना फोनवर सगळे अनुभव वाचून दाखवले. कळव्याहून कुर्ला सरळ आणि तिथून बीकेसी जवळ, म्हणून आधी कळवा बघायचं ठरलंय. रविवारी येणार होते, त्यांना सोमवारी बोलावलंय. सकाळी साडेसातला कळव्याच्या फलाटावर भेटणार आहोत, आणि संध्याकाळी त्या गल्लीतल्या चार घरांत डाळीचं विचारायला जाऊबाई स्वतः जाणार आहेत.