क्रॉप मिररलेसमध्ये अजून लेन्स घ्यावी का?

झाकणविसऱ्या

विषय घासून गुळगुळीत झालाय याची कल्पना आहे, तरी विचारतो. माझ्याकडे सोनी ए६४०० आहे (क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर), सोबत आलेली १६-५० मिमी लेन्स आणि पक्ष्यांसाठी ७०-३५०. फोटो काढतो ते तीनच गोष्टींचे: डोंगरातली भटकंती, खिडकीतून दिसणारे पक्षी आणि मुलीची नाटकं.

घोडं अडलंय नाटकात. मागच्या प्रयोगाला आयएसओ १२८०० पर्यंत गेलो, शटर १/१२५. घरी आल्यावर मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "बाबा, माझ्या तोंडावर वाळू का टाकलीये?"

सिग्माची १८-५० एफ/२.८ घेणार होतो (एफचा आकडा लहान तितका लेन्समधून उजेड जास्त). पण मित्राने (फुल फ्रेम ए७सी टू, २४-७० जीएम टू लेन्स) ऐकवलं की क्रॉप आता संपल्यात जमा आहे, त्यात पैसे घालवू नकोस. त्याचा कॅमेरा हातात घेतला तर बॉडी माझ्याएवढीच वाटली. लेन्ससकट माझ्या पाठपिशवीच्या पुढच्या कप्प्यात घालून बघितला, चेन अर्ध्यावर अडली. माझा तिथेच राहतो, वर विजार कोंबूनसुद्धा.

क्रॉपला पुढची पाच-सात वर्षं तरी भवितव्य आहे का? लेन्स घेऊ की थांबू?

रिळवाला

बॉडी सारखीच वाटली यात नवल नाही. सोनीचाच क्रॉपवाला ए६७०० बॅटरीसकट ४९३ ग्रॅम, तुमच्या मित्राचा ए७सी टू ५१४. फरक २१ ग्रॅमचा! कॅननमध्ये तर उलटी गंगा: फुल फ्रेम आर८ ४६१ ग्रॅम आणि क्रॉपवाला आर७ ६१२. त्यामुळे "क्रॉप म्हणजे छोटी बॉडी" हे आता विसरा. चेन अडली ती लेन्समुळे. त्याची २४-७० ६९५ ग्रॅमची आहे, सिग्मा १८-५० साधारण २९० ची. (तुलना तशी सरळ नाही. क्रॉपवर १८-५० एफ/२.८ ची चौकट २७-७५ सारखी येते, पण पार्श्वभूमी धूसर होते ती एफ/४ च्या आसपास होते तेवढीच. हे न सांगता नुसती वजनं तोंडावर फेकणारे बरेच असतात.)

आता वाळू, म्हणजे आयएसओ वाढवला की फोटोत येणारे दाणे. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे फायदा एका स्टॉपपेक्षा जरासा अधिक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तुमची १६-५० पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर जाते. तिथून एफ/२.८ ला आलात की दोन स्टॉप मिळतात, १२८०० चे ३२०० होतात. सिग्माची ५६ एफ/१.४ लावलीत तर चार स्टॉप, आयएसओ ८००. सेन्सर बदलून जेवढं मिळेल त्याच्या कितीतरी जास्त लेन्स बदलून मिळतंय. मित्राचे फोटो स्वच्छ येतात त्यात मोठा वाटा त्या ६९५ ग्रॅमच्या काचेचा आहे. फुल फ्रेम घेऊन वर स्वस्तातली एफ/५.६ लावलीत तर पोरगी पुन्हा तेच विचारेल.

पाणकावळा

पक्ष्यांचं सांगतो. फुल फ्रेमवर गेलात तर ७०-३५० सुद्धा फक्त क्रॉप मोडमध्येच (सेन्सरचा मधला भागच वापरून) नीट चालेल. ३३ मेगापिक्सेलचा ए७ फोर क्रॉप मोडला १४ वर येतो, तुमच्याकडे आत्ता २४ आहेत. लांबचा खंड्या टिपायला ते २४ उपयोगी पडतात. तेवढीच लांबी फुल फ्रेमवर हवी तर २००-६०० घ्या, २ किलोच्या वर. मी ती डोंगरावर नेली आहे. एकदाच.

शंकासुर

सगळे वजनावर घसरले. प्रश्न भवितव्याचा होता.

क्रॉप मेला म्हणणाऱ्यांना विचारा, मेलं नक्की काय? सॅमसंगचा क्रॉप कॅमेरा एनएक्स१ २०१४ चा, सेन्सर त्या वेळी सगळ्यांच्या पुढे, आणि थोड्याच वर्षांत कंपनी या धंद्यातूनच बाहेर. कॅननचं ईएफ-एम माउंट (लेन्स जिथे बसते ती खोबण) २०१२ ते २०२३. त्या लेन्स कॅननच्याच नव्या आरएफ माउंटवर अडॅप्टरनेही बसवता येत नाहीत, कारण माउंट ते सेन्सर अंतर ईएफ-एमचं १८ मिमी आणि आरएफचं २०. अडॅप्टर घालायला जागाच नाही. निकॉन १ सुद्धा गेलं, ते तर क्रॉपहून छोट्या सेन्सरचं. मेली ती वेगळी, एकटी पडलेली माउंटं.

जे टिकलंय ते दोन तऱ्हेचं. एक फूजी: वरच्या मजल्यावर फुल फ्रेम नाहीच, थेट ४४ × ३३ मिमीचा जीएफएक्स. त्यामुळे क्रॉपसाठी चांगल्या लेन्स काढण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. दुसरी तऱ्हा सोनी, कॅनन, निकॉनची: माउंट एकच, सेन्सर दोन. इथे माउंट मरणार नाही, पण क्रॉपला सावत्र वागणूक मिळते. कॅननने आर७ आणि आर१० काढले २०२२ मध्ये, आणि सोबत दिल्या कमी उजेड घेणाऱ्या झूम लेन्स. सिग्माच्या जास्त उजेड घेणाऱ्या क्रॉप लेन्स आरएफवर यायला २०२४ उजाडलं.

धागाकर्त्यांचं सोनी ई-माउंट २०१० मध्ये निघालं तेच क्रॉपसाठी, फुल फ्रेम फोटो कॅमेरे त्यात २०१३ ला आले. बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सही तिथे भरपूर. क्रॉप बॉडी उद्या निघायच्या थांबल्या तरी तुमची लेन्स आहे त्या कॅमेऱ्यावर चालणारच आहे. बॉडी मात्र आणखी छोट्या होतील या आशेवर राहू नका. आरएफ माउंटचं तोंड ५४ मिमी, निकॉनच्या झेडचं ५५. एवढं भोक ठेवून कॅमेरा करणार तरी किती लहान?

झाकणविसऱ्या

सर्वांचे आभार. रिळवाल्यांचं वाचून मागच्या प्रयोगाचे फोटो पुन्हा उघडले आणि नोंदी तपासल्या. ठेवलेले ४१, त्यातले ३६ एफ/५.६ वर आणि झूम शेवटच्या टोकाला. म्हणजे मला १८ ते ५० मधलं काहीच लागत नव्हतं, नुसतं ५० लागत होतं! १८-५० रद्द, ५६ घेतो. मित्राला अजून सांगितलेलं नाही.

फक्त एक. ५६ ला स्टॅबिलायझर नाही, ए६४०० च्या बॉडीतही नाही. १/१२५ वर चालेल ना?

रिळवाला

हात नाही हो, नट हलतात. त्याला स्टॅबिलायझर काय करणार? १/२५० ठेवा. आयएसओ १६०० होईल, होऊ दे.