जानेवारीतले गेलिक कप रद्द: खेळाडूंना खरंच विश्रांती मिळणार आहे का?

लीन्स्टरवासी (डिसेंबर 2024)

जीएए म्हणजे आयर्लंडमधल्या गेलिक खेळांची संघटना. तिच्या केंद्रीय समितीने 2025 च्या जानेवारीतल्या गेलिक फुटबॉलच्या चारही प्रांतिक स्पर्धा रद्द केल्या आहेत. लीन्स्टरचा ओ'बर्न कप, अल्स्टरचा मॅकेना कप, मन्स्टरचा मॅकग्रा कप आणि कॉनॉटची एफबीडी लीग. खेळाडूंवरचा ताण कमी करायचा, हे कारण सांगितलंय. मला हा निर्णय पटत नाही.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: गेलिक फुटबॉलमध्ये 15-15 खेळाडू असतात आणि चेंडू हातानेही खेळता येतो. क्रॉसबारखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. बारवरून गेला तर 1 गुण. काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाकडून, खेळणाऱ्यांना मानधन मिळत नाही. रविवारी हजारो लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी वर्गात शिकवत असतो किंवा शेतावर राबत असतो. 2022 पासून जानेवारी ते जुलै काउंटीचा आणि पुढचे महिने क्लबचा हंगाम, अशी वाटणी झाली आहे.

आता मुद्दा. काउंटी संघांचा सराव काही थांबलेला नाही. सामने काढून टाकले तर प्रशिक्षक त्या संध्याकाळी खेळाडूंना घरी बसवतील? ते दुसऱ्या काउंटीला फोन करून बंद दाराआड सराव सामना ठरवतील. पळापळ तेवढीच, फक्त प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही, वर्तमानपत्रात दोन ओळी नाहीत.

आणि छोट्या काउंटींचं काय? लाँगफर्डने लीन्स्टरचं अजिंक्यपद आजवर एकदाच मिळवलं, 1968 मध्ये. डब्लिनने ते 2011 ते 2024 सलग 14 वेळा जिंकलं. अशा लाँगफर्डने 2020 मध्ये ओ'बर्न कप उचलला, तो तिथल्या लोकांसाठी खरा आनंद होता. मोठ्या संघांनी दुसरी फळी पाठवली म्हणून त्या आनंदाला कमी लेखू नये.

फिजिओ_कॉर्क

लीन्स्टरवासी, तुम्ही प्रेक्षकांच्या बाजूने बोलताय. मी रोज पाय तपासते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

जानेवारीत सगळ्यात जास्त भरडला जातो तो वीस-एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्याच महिन्यात विद्यापीठांचा सिगर्सन कप असतो. मंगळवारी किंवा बुधवारी विद्यापीठाचा सामना, मध्येच एका रात्री काउंटीचा सराव, शनिवार-रविवारी काउंटीचा सामना. त्याचे दोन प्रशिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांनाही तो हवा असतो आणि नाही म्हणायची त्या मुलाची हिंमत नसते, कारण नाही म्हटलं तर संघातली जागा जाईल. त्यातून चिखलाने जड झालेलं मैदान. मांडीचा मागचा स्नायू आणि जांघ धरून माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच वयाचे असतात. एक जण मार्चपर्यंत धावू शकला नाही, परीक्षेचं वर्षही गेलं.

बंद दाराआडच्या सामन्याबद्दल सांगते. तिथे तीस खेळाडू आलटूनपालटून उतरवता येतात. दुखतंय म्हटलं तर वीस मिनिटांत बाहेर काढता येतं. कप पणाला लागला की तसं होत नाही.

आर्माची_सून

फिजिओताई, विद्यार्थ्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण अल्स्टरमध्ये येऊन बघा. मॅकेना कप जवळपास शंभर वर्षांचा आहे. इथे जानेवारीच्या बुधवारी रात्री, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, आजोबा नातवाला घेऊन मैदानावर येतात. नाताळनंतर अंधार चारलाच पडतो, घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नसतं. माझी इथल्या लोकांशी ओळख झाली ती त्याच कठड्याला टेकून. बाकीच्या प्रांतांत गर्दी होत नाही म्हणून आमची स्पर्धा का बंद? प्रत्येक प्रांताला आपलं आपण ठरवू द्या.

डेरीप्रेमी

ताई, मॅकेना कप मलाही प्रिय आहे, पण 2024 आठवा. आमच्या डेरी काउंटीने जानेवारीत डॉनेगल काउंटीला हरवून तो कप जिंकला, मार्चअखेर डब्लिनला पेनल्टीवर हरवून राष्ट्रीय लीगची पहिली श्रेणीही जिंकली. एप्रिलमध्ये अल्स्टर स्पर्धेत त्याच डॉनेगलने आमचा धुव्वा उडवला आणि तिथून संघ सावरलाच नाही. जानेवारीपासून पूर्ण ताकद लावली की उन्हाळ्यात पायांत काही उरत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आर्माची_सून

मॅकेना कप आमचा आर्माही खेळला होता, दादा. जुलैत गॉलवेला हरवून ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं अजिंक्यपद, कोणी नेलं?

लीन्स्टरवासी

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. याच वर्षी कप रद्द करणं! 30 नोव्हेंबरला जीएएच्या विशेष अधिवेशनाने डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीचे नवे नियम मंजूर केले. गोलपासून 40 मीटरवरच्या कमानीबाहेरून बारवरून मारलेल्या किकला 2 गुण. प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू कायम प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात. फाउल मिळाल्यावर न थांबता पळत सुटायची मुभा. इतका मोठा बदल, आणि 25 जानेवारीला थेट लीग! गुणांसाठीचे सात सामने, त्यावर वरची श्रेणी की खालची हे ठरणार. ऑक्टोबरमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर नव्या नियमांची चाचणी म्हणून प्रांतांचे सामने झाले, तेव्हा गोलला 4 गुण होते. ते मैदानावर पाहिल्यावरच समितीने तो प्रस्ताव मागे घेतला. म्हणजे सगळ्यांसमोर खेळून पाहिल्याचा उपयोग होतो, हे त्यांनीच दाखवलंय. पंचांनाही सराव नको का? तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात राहिलेत की नाही, हे भर गर्दीच्या आरडाओरड्यात मोजायची सवय त्यांना कुठे लागणार?

फिजिओ_कॉर्क

पंचांचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांना सराव सामन्यांवर पाठवावं, पण तिथे आरडाओरडा नसतो हेही खरं.

तरीही हा कप जसा होता तसा परत येण्याला माझा विरोध आहे. पूर्वी अल्स्टरमधली विद्यापीठंही मॅकेना कपमध्ये खेळायची, तेव्हा मुलगा विद्यापीठाकडून आपल्याच काउंटीविरुद्ध उतरायचा. निदान तो त्या दिवशी एकाच संघाचा असायचा. आता परत आणायचा असेल तर एक अट नियमावलीत लिहा: सिगर्सनच्या संघात नाव असलेला खेळाडू तो संघ बाद होईपर्यंत काउंटीच्या कपमध्ये उतरणार नाही, आणि काउंटीने त्याला सरावालाही बोलवायचं नाही. लीन्स्टरवासी, आर्माताई, एवढी अट तुम्हाला चालणार आहे का? चालणार असेल तर पुढच्या जानेवारीत तिकीट काढून मीही कठड्यापाशी येते.