तीन महिन्यांची साखर आणि तांबड्या पेशींचे वय

सरोजकाकू, ए-१०३ : सर्वांना नमस्कार. मागच्या तपासणीत माझे एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.४ होते, कालच्या रिपोर्टमध्ये ते ६.५ आले आहे. आहार तोच आहे आणि मधुमेहाच्या गोळ्याही त्याच आहेत. घरच्या ग्लुकोमीटरवर मात्र उपाशीपोटीची साखर पूर्वीसारखीच १५० च्या आसपास दिसते. यंत्र बिघडले असे समजावे, की रविवारी श्रीखंड आणावे?

विनय, बी-२०५ : काकू, स्ट्रिप्सची मुदत संपलेली असेल. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी अधिक भरवशाची असते.

प्रभाकरकाका, सी-४०२ : स्ट्रिप्सची मुदत जरूर पाहावी, परंतु श्रीखंडाची घाई नको. सरोजताई, मध्यंतरी आपले हिमोग्लोबिन कमी झाले होते. त्यासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत का?

सरोजकाकू, ए-१०३ : हो, दोन महिने झाले. हिमोग्लोबिन ९ वरून ११.५ वर आले.

प्रभाकरकाका, सी-४०२ : मग ग्लुकोमीटर खरे बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. मी रक्तपेढीत आयुष्य काढले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रक्तातील साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते आणि एकदा पक्की चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे पेशी जितकी जुनी तितकी तिच्यावर साखर अधिक. तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते, एवढ्याच आधारावर आपण या तपासणीला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो. खरे तर त्या आकड्यात शेवटच्या एका महिन्याचाच वाटा जवळजवळ निम्मा असतो. लोह कमी असताना नव्या पेशींची आवक मंदावते, रक्तात वयस्क पेशींचे प्रमाण वाढते आणि आकडा फुगतो. लोह मिळू लागले की अस्थिमज्जा भराभर नव्या पेशी सोडते, त्यांच्यावर साखर चिकटायला अजून वेळच मिळालेला नसतो, आणि साखर तसूभरही न उतरता आकडा उतरतो.

ऋता, ए-३०१ : काका, हे १२० दिवस मोजले कसे? पेशीवर जन्मतारीख तर लिहिलेली नसते.

प्रभाकरकाका, सी-४०२ : तारीख लिहिण्याचाच प्रयोग झाला होता. कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड शेमिन यांनी जड नायट्रोजन असलेले ग्लायसिन (हिमोग्लोबिन घडवताना शरीर वापरते ते एक अमिनो आम्ल) तीन दिवस स्वतः घेतले, म्हणजे त्या काळात तयार झालेल्या पेशींच्या हिमोग्लोबिनवर खूण उमटली, आणि पुढे अनेक महिने स्वतःचे रक्त तपासून ती खूण केव्हा ओसरते ते पाहिले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात हे आयुष्य सुमारे १२७ दिवसांचे निघाले.

ऋता, ए-३०१ : आणि पेशी मरते म्हणजे नेमके काय होते? ती रक्तातच फुटते का?

प्रभाकरकाका, सी-४०२ : फार थोड्या फुटतात. ही पेशी रक्तात उतरण्यापूर्वीच आपले केंद्रक टाकून देते, म्हणून झिजलेला भाग तिला नव्याने घडवता येत नाही. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतील भाग, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, तेही तिच्यात नसतात. जन्मभर प्राणवायू वाहून नेते, पण स्वतः त्यातला कणही वापरत नाही आणि ग्लुकोजच्या किण्वनावर निभावते. (मला हे नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.) खरी परीक्षा प्लीहेत, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या रक्त गाळणाऱ्या अवयवात होते. पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन आणि प्लीहेतील फटी जेमतेम १ मायक्रॉनच्या. तरुण पेशी अंग आकसून पार होते, म्हातारी ताठर झालेली असल्याने अडकते. शिवाय तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध घटक बाहेर दिसू लागतो, आणि ती खूण ओळखून प्लीहेतील व यकृतातील भक्षक पेशी तिला गिळतात. अशा वीस लाखांहून अधिक पेशी दर सेकंदाला जातात आणि तितक्याच नव्या येतात.

विनय, बी-२०५ : म्हणजे त्यातले लोह वाया जाते?

प्रभाकरकाका, सी-४०२ : मुळीच नाही. नव्या हिमोग्लोबिनसाठी रोज लागणारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह बहुतांशी याच मेलेल्या पेशींतून परत मिळते. अन्नातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. म्हणूनच रक्तस्राव चालू राहिला की लोहाचा साठा आटतो, कारण बाहेर गेलेले लोह परत येत नाही. उरलेल्या भागाचे बिलिरुबिन बनते, यकृत ते पित्तात सोडते, आणि मळाचा तपकिरी रंग त्याचाच. ऋता, तुझ्या बाळाला तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली होती ना? नवजाताच्या पेशी कमी दिवस जगतात आणि यकृत अजून सरावलेले नसते, म्हणून हेच बिलिरुबिन साचून कावीळ दिसते.

सरोजकाकू, ए-१०३ : मग माझी खरी साखर कोणत्या तपासणीत कळेल?

प्रभाकरकाका, सी-४०२ : फ्रुक्टोसामीन ही तपासणी पेशींच्या वयावर अवलंबून नसते, रक्तद्रवातील प्रथिनांवर चिकटलेली साखर मोजून ती गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. ती करावी का, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नयेत, आणि हिमोग्लोबिन मुळात का उतरले होते हेही त्यांना अवश्य विचारावे.

सरोजकाकू, ए-१०३ : सोमवारची वेळ घेतली आहे, ग्लुकोमीटरच्या नोंदींची वही आणि दोन्ही रिपोर्ट बरोबर नेते. स्ट्रिप्सची मुदत आत्ताच पाहिली, अजून पाच महिने बाकी आहेत.